तुमच्या भाषेतून प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचना: बाइंडिंग बांधताना काय करावं, कुठे पाय घसरतो

‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटचा होतो. प्रोसेसरचं साधं व्हेक्टर रजिस्टर १६ बाइटचं असतं. अख्खा शब्द एका रजिस्टरमध्ये बसतो आणि वर एक बाइट रिकामा राहतो. त्या एका रिकाम्या बाइटने माझे दोन दिवस खाल्ले. ती गोष्ट पाचव्या पायरीत येईल.

मी मजकूर चाळण्यासाठी बनवलेल्या एका छोट्या, कंपाइल होणाऱ्या भाषेवर काम करते. तिच्यात व्हेक्टर सूचना (एकाच फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) आणायचं, म्हणजे त्या भाषेतून बोलावता येतील अशी जोडणी किंवा बाइंडिंग बांधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं होतं, हजारएक फंक्शनांची नावं उतरवून काढायची, झालं. नावं उतरवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. तुमची स्वतःची भाषा असेल किंवा असलेल्या भाषेला ही सोय जोडायची असेल, तर खालचा क्रम पाळा. मी तो उलटा पाळला होता.

हाताशी काय हवं

- इंटेलची इन्ट्रिन्सिक्स गाइड आणि आर्मची तशीच यादी. (इन्ट्रिन्सिक म्हणजे फंक्शनसारखं लिहायचं, पण थेट प्रोसेसरच्या सूचनेत उतरणारं नाव.) दोन्ही ब्राउझरमध्ये शोधता येतात, आणि दोन्हींमागचा डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात मिळतो. हे तिसऱ्या पायरीत कामाला येईल.
- कंपायलर एक्सप्लोरर, म्हणजे गॉडबोल्ट. सी मध्ये चार ओळी लिहा आणि शेजारी असेंब्ली बघा. हा टॅब दिवसभर उघडा राहणार आहे.
- इंटेलचा एसडीई एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम. तुमच्या लॅपटॉपला एव्हीएक्स-५१२ (इंटेलच्या ५१२-बिट व्हेक्टर सूचना) नसलं तरी त्या सूचना यावर चालतात.
- आर्मसाठी खरं मशीन नसेल तर क्यूईएमयू हा एम्युलेटर.
- डिसअसेंब्लर, म्हणजे मशीन कोड परत असेंब्लीत दाखवणारा प्रोग्राम. ऑब्जडंप पुरतो.
- सूचनांचे सायकल बघायला अ‍ॅग्नर फॉग यांचे तक्ते किंवा यूऑप्स डॉट इन्फो.

आर्मचा बोर्ड सुरुवातीला विकत घेऊ नका. अर्थ बरोबर आहे का हे एम्युलेटर सांगतो. वेग मात्र एम्युलेटरवर कधीच मोजू नका.

१. बाइंडिंग कुठे बसणार ते ठरवा

पहिल्या प्रयत्नात मी सोपं वाटलं ते केलं. सी मध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं, आत एकच बेरजेचं इन्ट्रिन्सिक, आणि ते आमच्या भाषेतून बाहेरचं फंक्शन म्हणून बोलावलं. चाललं. उत्तरही बरोबर आलं. साध्या लूपपेक्षा हळू होतं, एवढंच.

कारण असं. लिनक्सवर ६४-बिट एक्स८६ च्या (इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरांच्या) कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे फंक्शन बोलावताना कोणतं रजिस्टर कुणी जपायचं याच्या नियमांत, एकही एक्सएमएम (१२८-बिट व्हेक्टर) रजिस्टर कॉलनंतर जसंच्या तसं राहील अशी हमी नाही. त्यामुळे प्रत्येक कॉलआधी कंपायलर हातातली व्हेक्टर मेमरीत ठेवतो, कॉल करतो आणि परत उचलतो. विंडोजवर एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ जपली जातात, पण तीही फक्त खालच्या १२८ बिटांपुरती. बेरीज एका सायकलची, आणि तिच्यासाठी घर हलवल्यासारखी सामानाची उचल-ठेव.

म्हणून जागा दोनच उरतात. एक तर सूचना तुमच्या कंपायलरला माहीत असली पाहिजे, म्हणजे कॉल दिसेल पण बनणार नाही, त्या जागी थेट सूचना येईल. नाहीतर बाइंडिंग इतकं मोठ्या घासाचं हवं की एका कॉलमध्ये अख्खा अ‍ॅरे निपटेल. तुमची भाषा इंटरप्रीटरवर चालत असेल तर दुसराच रस्ता धरा आणि तिथे समाधानी राहा. पायथनची नमपाय लायब्ररी हेच करते: व्हेक्टर सूचना आत, सी मध्ये, आणि पायथनला दिसतो तो फक्त अ‍ॅरे.

पुढचं सगळं पहिल्या रस्त्याबद्दल आहे. तुमचं बॅकएंड (कंपायलरचा मशीन कोड बनवणारा भाग) एलएलव्हीएम असेल तर अर्धं काम आधीच झालेलं आहे, कारण त्याला ‘१६ लेन, प्रत्येकी ८ बिट’ हा टाइप मुळातच कळतो (लेन म्हणजे व्हेक्टरमधला एकेक कप्पा). बेरीज, तुलना, लेन हलवणं यांना प्रोसेसरचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. क्लँग या एलएलव्हीएमवरच्या सी कंपायलरच्या स्वतःच्या हेडर फाइल उघडून बघा. एसएसई२ च्या (एक्स८६ च्या जुन्या १२८-बिट सूचनासंचाच्या) बेरजेचं जे भारदस्त नावाचं फंक्शन आहे, त्याच्या पोटात साधं अधिक चिन्ह आहे.

२. टाइप

इंटेलच्या सी हेडरमध्ये पूर्णांकांसाठी १२८ बिटांचा एकच टाइप आहे. आत १६ बाइट आहेत की चार पूर्णांक, हे फंक्शनच्या नावाच्या शेपटीवरून ओळखायचं. आर्मच्या निऑन या १२८-बिट सूचनासंचात ‘चिन्हरहित ८ बिट, १६ लेन’ असा वेगवेगळा टाइप असतो. तुमच्या भाषेत आर्मची पद्धत घ्या. एक प्रकार दुसरा म्हणून वाचायचा असेल तर त्यासाठी वेगळं, डोळ्यांत भरेल असं फंक्शन द्या. इंटेलची पद्धत उचललीत तर ८ बिटांची बेरीज ३२ बिटांच्या लेनवर चालेल आणि कंपायलर हूं का चूं करणार नाही.

मास्कचा, म्हणजे तुलनेच्या लेनवार हो-नाही उत्तराचा, टाइप वेगळा ठेवा, आणि तो आतून कसा आहे हे वापरणाऱ्याला दाखवू नका. एसएसई, एव्हीएक्स२ (एक्स८६ चा २५६-बिट सूचनासंच) आणि निऑनमध्ये तुलनेचं उत्तर पूर्ण रुंदीचं व्हेक्टर असतं: खरं असेल त्या लेनमध्ये सगळे बिट एक, नाहीतर सगळे शून्य. एव्हीएक्स-५१२ मध्ये तेच उत्तर के० ते के७ या वेगळ्या रजिस्टरांत जातं, लेनमागे एक बिट. मास्क म्हणजे व्हेक्टरच, असं तुमच्या टाइपने एकदा कबूल केलं की एव्हीएक्स-५१२ वर प्रत्येक तुलनेनंतर रूपांतराचा भुर्दंड बसतो.

आणखी एक निर्णय आजच घ्या, कारण तो नंतर बदलता येत नाही. आर्मच्या एसव्हीई सूचनासंचाची रुंदी १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत वेगवेगळी असू शकते, आणि ती प्रोग्राम चालू झाल्यावरच कळते. जपानच्या फुगाकू महासंगणकातल्या फुजित्सूच्या ए६४एफएक्समध्ये ती ५१२ आहे. रिस्क-व्हीचं व्हेक्टर एक्स्टेन्शन २०२१ मध्ये पक्कं झालं, तेही याच जातीचं. ज्याचा आकार कंपायलरला माहीत नाही तो टाइप स्ट्रक्टमध्ये ठेवता येत नाही, त्याचा अ‍ॅरे करता येत नाही. ‘हे आमच्याकडे नाही’ असं स्पष्ट लिहून टाकलंत तरी चालेल. आम्ही तसंच केलं. ‘पुढे बघू’ मात्र चालत नाही.

३. दोन मजले बांधा, एकच बांधू नका

खालचा मजला: प्रोसेसरची एक सूचना, तुमचं एक फंक्शन. नाव तेच जे इंटेल किंवा आर्मच्या कागदात आहे, कितीही कुरूप असलं तरी. इथे सुंदर नावं द्यायचा मोह आवरा. वापरणारा माणूस सी मधलं जुनं कोड समोर ठेवून लिहीत असतो, आणि त्याला तुमचं काव्य नको, शोधलं की सापडणारं नाव हवं.

वरचा मजला: सगळ्या प्रोसेसरांवर चालणारी थोडीच कामं. भरणं, साठवणं, बेरीज-वजाबाकी, तुलना, मास्कने निवड, लेनची बेरीज. आम्ही २० पासून सुरुवात केली आणि मागणी आली तशी वाढवली.

इतरांनी काय केलं ते बघून घ्या. रस्टमध्ये एक्स८६ चा खालचा मजला २०१८ मध्ये १.२७ आवृत्तीत पक्का झाला. वरचा मजला मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं नाइटलीतच, म्हणजे प्रायोगिक आवृत्तीतच, अडकून राहिला. डॉटनेट कोअर ३.० ने २०१९ मध्ये खालचा मजला दिला. वरचा, रुंदी न सांगणारा टाइप त्यांच्याकडे आधीपासून होता. जावाने २०२१ मध्ये १६ व्या आवृत्तीपासून फक्त वरचा मजला दिला, तोही इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे प्रयोग म्हणून. वरचा मजला सगळ्यांनाच जड जातो, याचं कारण चौथ्या पायरीत आहे.

खालचा मजला हाताने टाइप करू नका. सूचना हजारोंच्या घरात आहेत. इंटेलच्या यादीची एक्सएमएल फाइल घ्या, तिच्यातून नावं, टाइप आणि लागणारं एक्स्टेन्शन (एव्हीएक्स२ सारखा जादा सूचनासंच) काढणारी स्क्रिप्ट लिहा. हाताने केलेल्या पहिल्या शंभरात माझ्या तीन फंक्शनांचे आर्ग्युमेंट उलटे पडले होते. स्क्रिप्ट चुकली तर सगळीकडे सारखीच चुकते, त्यामुळे लगेच सापडते.

एक अडचण स्क्रिप्टनेही सुटत नाही. काही सूचनांचा एक आकडा सूचनेतच कोरलेला असतो, रजिस्टरमधून येत नाही. एसएसईचं शफल (लेनची अदलाबदल) हे ठळक उदाहरण. वापरणाऱ्याने तिथे व्हेरिएबल दिलं तर काय? कंपाइल होतानाच अडवा. तुमच्या भाषेत कंपाइल-टाइम स्थिरांक आर्ग्युमेंट म्हणून घ्यायची सोय नसेल तर आधी ती बांधा, मग इकडे या.

४. नाव एक, अर्थ दोन

वरचा मजला रखडतो तो इथे. ‘लहान ते निवड’ हे काम घ्या. एक्स८६ च्या दशांशी मिन सूचनेत दोन्हींपैकी एक जरी नॅन (‘हा आकडाच नाही’ सांगणारं मूल्य) असला, तरी उत्तर म्हणून दुसरा ऑपरंड येतो, म्हणजे आर्ग्युमेंटचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. आर्मच्या नेहमीच्या मिनमध्ये नॅन आला की उत्तर नॅन. दोघांनाही ‘मिन’ म्हणायचं आणि गप्प बसायचं, हा गुन्हा आहे.

अशा जागांची माझी यादी:

- दशांशाचा ३२-बिट पूर्णांक करताना आकडा मावला नाही तर एक्स८६ सगळ्यात लहान ऋण आकडा देतो. आर्म जवळच्या टोकाला थांबतो, आणि नॅनचं शून्य करतो.
- बाइटची शफल: एसएसएसई३ मध्ये इंडेक्सचा वरचा बिट एक असेल तर शून्य, नाहीतर फक्त खालचे चार बिट बघितले जातात. निऑनमध्ये १६ किंवा त्याहून मोठा कुठलाही इंडेक्स शून्य देतो. इंडेक्स २० ला दोघांची उत्तरं वेगळी.
- तीच शफल एव्हीएक्स२ वर ३२ बाइटची होत नाही. ती १६-१६ च्या दोन खोल्यांत चालते आणि मधली भिंत ओलांडत नाही.
- लेनच्या रुंदीइतकं किंवा जास्त शिफ्ट केलं तर एक्स८६ च्या डाव्या शिफ्टचं उत्तर शून्य. वेबअसेंब्ली रुंदीने भागून बाकी घेतं. एलएलव्हीएममध्ये तर उत्तराला अर्थच नाही, तिथे पॉयझन.
- चिन्हरहित पूर्णांकांची मोठा-लहान तुलना एव्हीएक्स२ पर्यंत नाहीच. दोन्ही बाजूंचा वरचा बिट उलटवून चिन्हसहित तुलना करावी लागते.
- ८ बिटांच्या लेनचा शिफ्ट एसएसई-एव्हीएक्सकडे नाही. पूर्णांकांचा भागाकार ना त्यांच्याकडे ना निऑनकडे.

प्रत्येकासाठी तीन पर्याय: एक अर्थ पक्का करून दुसऱ्या प्रोसेसरवर जादा सूचनांची किंमत मोजा, किंवा ‘या टोकाला काय होईल सांगता येत नाही’ असं लिहा, किंवा ते काम वरच्या मजल्यावर ठेवूच नका. माझं मत पहिल्या आणि तिसऱ्याच्या बाजूने आहे. अर्थ सोडून दिलेली टोकं कुणी वाचत नाही. मग लॅपटॉपवर हिरवी असलेली टेस्ट आर्म सर्व्हरवर लाल होते, आणि फोन तुम्हाला येतो.

५. एक काम शेवटपर्यंत करून बघा

शंभर फंक्शनं करण्याआधी एक खरं काम वरच्या मजल्यावरून करा. आमचं काम होतं, मजकुरात कोड पॉइंट (युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हं) किती ते मोजणं. अक्षरं नव्हे. ‘मराठी’त आपल्या हिशोबाने अक्षरं तीन, पण कोड पॉइंट पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात.

‘म’ चे तीन बाइट हेक्समध्ये ई०, ए४, एई. पहिला बाइट सुरुवातीचा, पुढचे दोन कन्टिन्युएशन. कन्टिन्युएशन बाइट नेहमी ८० ते बीएफ यांच्यात असतो. चिन्हसहित आकडा म्हणून वाचलं तर उणे १२८ ते उणे ६५. म्हणजे उणे ६५ पेक्षा मोठे बाइट मोजले की कोड पॉइंट मिळाले. ई० म्हणजे उणे ३२, मोजला. ए४ म्हणजे उणे ९२, सोडला. इथे चिन्हसहित तुलनाच हवी आहे, आणि ती एसएसई२ मध्ये आहे. एसएसई२ प्रत्येक ६४-बिट एक्स८६ मध्ये असतंच.

लूप तीन ओळींचा. १६ बाइट उचला, उणे ६५ शी तुलना करा, आलेला मास्क बेरजेच्या व्हेक्टरमधून वजा करा. खरं म्हणजे सगळे बिट एक, म्हणजे उणे एक; वजा केलं की लेन एकने वाढते.

आता तो रिकामा बाइट. ‘मराठी’ १५ बाइट, आपण उचलतो १६. शेवटचा बाइट आपला नाहीच, आणि मजकूर मेमरीच्या पानाच्या काठावर संपत असेल तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. म्हणून मी ‘अर्धवट उचल’ असं फंक्शन केलं, उरलेल्या जागी शून्य भरणारं. कोसळणं थांबलं, आणि ‘मराठी’ सहा कोड पॉइंटचा झाला. शून्य हे उणे ६५ पेक्षा मोठं आहे! दोन दिवस मी तुलनेत चूक शोधत होते. इलाज एवढाच की अर्धवट उचल करताना काय भरायचं हे वापरणाऱ्याने सांगायचं. इथे हेक्समधलं ८०, म्हणजे उणे १२८, भरलं की उत्तर पाच. तेव्हापासून आमच्याकडे त्या फंक्शनला भरायच्या आकड्याचा डीफॉल्ट नाही. द्यावाच लागतो.

दुसरी चूक जास्त लबाड निघाली. बेरजेची लेन ८ बिटांची, २५५ नंतर पुन्हा शून्य. आमच्या टेस्टमधला सगळ्यात मोठा मजकूर आठ हजार बाइटचा मराठी लेख होता, म्हणजे ५०० फेऱ्या, आणि सगळं बरोबर. देवनागरीत सुरुवातीचा बाइट तीनांत एकदा येतो, त्यामुळे लेन दर फेरीला वाढत नाही, साधारण तिसऱ्या फेरीला वाढते. मग कुणीतरी निव्वळ इंग्रजी फाइल दिली, नेमकी ४०९६ बाइटची. तिथे प्रत्येक बाइट सुरुवातीचाच. २५६ फेऱ्या झाल्या, सोळाही लेन फिरून शून्यावर आल्या, आणि उत्तर आलं: शून्य.

इलाज ठरलेला आहे. जास्तीत जास्त २५५ फेऱ्यांनंतर लेनची बेरीज मोठ्या आकड्यात उतरवायची. एसएसई२ मध्ये बाइटमधल्या फरकांची बेरीज करणारी सूचना आहे. तिला दुसरी बाजू म्हणून शून्य दिलं की आठ-आठ बाइटची बेरीज ६४-बिटांत मिळते. निऑनमध्ये रुंदावून बेरीज करणारी सूचना आहे. बाइंडिंगसाठी धडा असा निघाला की ‘लेनची बेरीज’ या फंक्शनच्या दोन जाती हव्यात, रुंदावणारी आणि न रुंदावणारी, आणि नावातच फरक दिसला पाहिजे.

६. प्रोसेसरला काय येतं ते विचारा, पण लूपबाहेर

एक्स८६ वर सीपीयूआयडी सूचना वापरायची. एव्हीएक्ससाठी फक्त ‘एव्हीएक्स आहे’ हा बिट बघून भागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने ती रुंद रजिस्टरं टास्क बदलताना जपायची तयारी केली आहे का, हे ओएसएक्ससेव्ह बिट आणि मग एक्सगेटबीव्ही सूचनेने बघावं लागतं: बिट १ आणि २, एव्हीएक्स-५१२ साठी शिवाय ५, ६ आणि ७. एव्हीएक्स२ चा बिट सातव्या लीफमध्ये, म्हणजे सीपीयूआयडीच्या सातव्या क्रमांकाच्या उत्तरात, आहे. तो विचारताना ईसीएक्स रजिस्टरमध्ये शून्य ठेवायला विसरलात, तर कधी बरोबर आणि कधी चूक असं उत्तर येतं. असा बग शोधायची पाळी कुणावर येऊ नये.

ही चौकशी एकदाच करा आणि लूपबाहेर करा. एलएलव्हीएममध्ये जास्त एक्स्टेन्शनवालं फंक्शन कमी एक्स्टेन्शनवाल्या फंक्शनात इनलाइन होत नाही. लूप साधा आणि आतलं छोटं फंक्शन एव्हीएक्स२ चं असेल तर दर फेरीला खरा कॉल होतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीच्या खड्ड्यात. अख्खं काम, लूपसकट, प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळं कंपाइल करा आणि दारातच निवडा. तुमच्या भाषेने यासाठी फंक्शनवर लावायची एक खूण द्यावी, आणि खूण नसलेल्या फंक्शनाने खूण असलेलं फंक्शन चौकशीशिवाय बोलावलं तर कंपायलरने अडवावं. सी मध्ये हे वापरणाऱ्याच्या भरवशावर सोडलेलं आहे.

२५६-बिट व्हेक्टर अशा दोन फंक्शनांमध्ये किमतीने देऊ-घेऊ नका. एकाला ती रजिस्टरमध्ये अपेक्षित असतात, दुसऱ्याला मेमरीत. लिंक होतं, चालतं, आणि आकडे कचरा येतात.

बॅकएंड स्वतःचं असेल तर एव्हीएक्स वापरून बाहेर पडताना व्हीझीरोअपर सूचना टाका, नाहीतर जुन्या एसएसई कोडशी गाठ पडली की वेग आपटतो. एलएलव्हीएम ती स्वतः टाकतं.

७. तपासणी

प्रत्येक कामाची साधी, लूपवाली आवृत्ती लिहा आणि तीच खरी माना. ० पासून ६४ पर्यंतच्या प्रत्येक लांबीला दोघांची उत्तरं ताडा, मग ४०७९, ४०८०, ४०८१ आणि ४०९६ ला (१६ बाइटच्या २५५ फेऱ्या म्हणजे ४०८०). बफर असा मागा की त्याच्या लगेच पुढचं पान वाचायला मनाई असेल. एक बाइट जास्त वाचला की टेस्ट जागेवर मरेल. नॅन, दोन्ही शून्यं आणि अनंत यांचा संच वेगळा ठेवा. दशांशांच्या बेरजेत मात्र साध्या लूपशी तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नका, कारण लेनमध्ये बेरजेचा क्रमच बदलतो.

हेच सगळं एसडीईवर निदान दोन प्रोसेसर निवडून चालवा, एक जुना, एव्हीएक्स नसलेला, आणि एक एव्हीएक्स-५१२ वाला. जुन्यावर ‘अवैध सूचना’ म्हणून पडलात तर सहावी पायरी पुन्हा वाचा.

शेवटी असेंब्ली बघा. डोळ्यांनी एकदा, मग स्क्रिप्टने कायम. आमची स्क्रिप्ट मोजणीच्या फंक्शनचं डिसअसेंब्ली काढते आणि लूपच्या आत ‘कॉल’ सापडला तर बिल्ड पाडते. सोळा ओळींची आहे. गेल्या वर्षात तिने चारदा बिल्ड पाडली, त्यातल्या तीन वेळा दोष माझा होता.